चुन्याची भिंत : मेदिचींचा वाडा आणि आपली देवळे

इटलीचा प्रवास करून आलेली आपल्याकडील मंडळी जी वर्णने लिहितात, ती बहुधा एकाच साच्यातून काढल्यासारखी असतात. रोमचे भग्न प्रेक्षागार, पिसाचा कलता मनोरा, व्हेनिसच्या होड्या आणि सिस्टिन चॅपेलचे छत एवढे उरकले, की लेखणी स्वित्झर्लंडच्या बर्फाकडे वळते. प्रवाशाला दिवसांचा आणि पैशांचा हिशेब सांभाळावा लागतो, हे आम्ही जाणतो. त्याबद्दल कोणास दोष देण्याचा हेतू नाही. तथापि कलेच्या वास्तू पाहावयाच्या असतील, तर पन्नास वास्तू एकेकदा पाहण्यापेक्षा एकच वास्तू तीनदा पाहावी, असे आमचे मत आहे. म्हणून प्रस्तुत लेखात फ्लॉरेन्स शहरातील एकाच वाड्याविषयी लिहावयाचे योजिले आहे. हा वाडा पाहिल्यापासून आपल्या देवळांच्या भिंतींकडे आम्ही निराळ्या दृष्टीने पाहू लागलो, आणि त्या भिंतींचे आज जे चालले आहे ते पाहून स्वस्थ बसवेना, हेही एक कारण आहेच.

बेळगाव-निपाणीकडच्या माणसाला फ्लॉरेन्स हे नाव परके वाटण्याचे खरे तर कारण नाही. निपाणीपासून तासाभराच्या वाटेवर असलेल्या कोल्हापूरच्या गादीवर १८६६ साली आलेले छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये विलायतेच्या प्रवासास गेले. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्स येथे ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे देहावसान झाले. वयाची एकवीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्या काळी फ्लॉरेन्स ही इटलीच्या नव्या राज्याची राजधानी होती. प्रेत जाळण्याची चाल त्या देशात नव्हती. खास परवानगी मिळून आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर हिंदू विधीने दहन झाले. परमुलखात, परधर्मीयांच्या शहरात, पण संगमावर! या योगायोगाचे आम्हांस आजही नवल वाटते. महाराजांची प्रवासातील दैनंदिनी कॅप्टन वेस्ट यांनी संपादून १८७२ साली लंडनमध्ये छापविली, आणि १८७४ मध्ये त्या जागी एक छत्री उभी राहिली. तिची रचना मेजर मँट यांची, आतील अर्धपुतळा फुल्लर या इंग्रज शिल्पकाराचा. याच मँटसाहेबांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा योजिला. छत्रीविषयी आमचे मत विचाराल, तर ती भावनेने मोठी आणि कलेने बेताची आहे. आपल्याकडील छत्रीचा आकार इंग्रज वास्तुकाराच्या कागदावरून गेला, की त्यात सगळे अवयव असतात आणि तरी ती आपली वाटत नाही. नव्या राजवाड्याविषयीही काही अंशी हेच म्हणता येईल. असो. फ्लॉरेन्सचे लोक मात्र त्या जागेला ‘इंदियानो’ या नावाने ओळखतात, आणि १९७८ मध्ये जवळच पुरा झालेल्या मोठ्या पुलालाही तेच नाव पडले आहे.

छत्रीला नमस्कार करून शहराच्या मध्यभागी आले, म्हणजे कावूर रस्त्यावर आमचा विषय असलेला मेदिची घराण्याचा वाडा लागतो. मेदिची हे राजे नव्हते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. ते पेढीवाले होते. युरोपातील मोठमोठ्या शहरांत त्यांच्या पेढ्या होत्या, पोपचे व्यवहार त्यांच्याकडे होते, लोकरीच्या धंद्यातही त्यांचे भांडवल होते. शहराचा कारभार नावाने लोकसत्तेचा आणि प्रत्यक्षात यांच्या मुठीत, अशी स्थिती थोरल्या कोसिमोने आणली. १४३३ मध्ये विरोधकांनी त्याला हद्दपार केले. दुसऱ्याच वर्षी तो परत आला आणि मग मरेपर्यंत पदवी न घेता सत्ता चालवीत राहिला. असा माणूस घर बांधतो तेव्हा त्याच्यापुढे एक पेच असतो. घर लहान असून चालत नाही, आणि मोठे दिसूनही चालत नाही. वासारी या चरित्रकाराने अशी हकीकत दिली आहे, की ब्रुनेलेस्की या थोर स्थपतीने केलेला नमुना कोसिमोला फार डौलदार वाटला, लोकांच्या डोळ्यांवर येईल म्हणून त्याने तो बाजूला सारला आणि काम मिकेलोत्सोकडे दिले. १४४४ च्या सुमारास बांधकाम सुरू झाले.

बाहेरून वाडा पाहताना ही सावधगिरी जाणवते. तळमजल्याचा दगड खडबडीत, फुगीर, नुकताच खाणीतून काढल्यासारखा. त्यावरच्या मजल्याचा दगड घडीव, पण सांधे स्पष्ट दाखविणारा. सर्वांत वरचा इतका सपाट, की सांधा शोधावा लागतो. वर छपराखाली पुढे आलेला भक्कम दगडी छज्जा. रंग नाही, मूर्ती नाहीत, दारावर कमानीपलीकडे शोभा नाही. केवळ दगड कसा घडवावयाचा आणि कसा सोडावयाचा, एवढ्यावर सगळी किमया आहे. आपल्याकडील जुन्या वाड्यांतही खाली काळा दगड, वर वीट आणि त्यावर लाकूड असा चढता क्रम असतो. परंतु तेथे वस्तू बदलते, येथे एकाच वस्तूची घडण बदलते. आम्हांला हा बाह्यभाग आवडला, पण तो प्रेमळ नाही. रस्त्याने जाणाऱ्याला तो आत बोलावीत नाही, दबावाने आवाज खाली आणावयास लावतो. पुढे १६५९ मध्ये रिक्कार्दी घराण्याने वाडा विकत घेऊन त्याच धाटणीत लांबी वाढविली, त्यामुळे मूळचे प्रमाण बिघडले आहे, हेही सांगितले पाहिजे.

आत शिरताच चौक येतो, आणि मराठी माणसाला हायसे वाटते. चारी बाजूंनी खांब-कमानींची ओसरी, मध्ये आकाश. हा आपल्या चौसोपी वाड्याचाच सगोत्र. फरक मध्यभागी आहे. आपल्या चौकात तुळशीवृंदावन असते. मेदिचींच्या चौकात एके काळी दोनातेल्लोचा काशाचा दावीद उभा होता; १४९४ मध्ये मेदिचींना शहरातून घालवून दिल्यावर पुढच्याच वर्षी तो सरकारजमा झाला आणि आज तो शहरातील दुसऱ्या संग्रहालयात आहे. बायबलातील या पोराने राक्षसासारख्या शत्रूला गोफणीने मारले. म्हणून जुलमाविरुद्ध उभे राहिलेल्या लोकसत्तेचे ते प्रतीक. पेढीवाल्याने लोकांचे प्रतीक आपल्या घराच्या चौकात आणून ठेवावे, यातील राजकारण शहराला कळले नसेल असे नाही. ज्या दिवशी मालक गेला, त्याच्या मागोमाग मूर्तीही गेली. तुळस कोणी जप्त करीत नाही.

चौकातील कमानींच्या वर भिंतीवर फुलापानांच्या माळांची एक नक्षी आहे. पाहणारे सहसा तिच्याकडे पाहत नाहीत, कारण जिन्याकडे जाण्याची घाई असते. तिच्याविषयी पुढे विस्ताराने लिहावयाचे आहे. वाचकांनी ती तेवढी ध्यानात ठेवावी.

वाड्याचा प्राण वरच्या मजल्यावरील देवघरात आहे. खोली लहान, म्हणून थोड्याथोड्या माणसांना आत सोडतात आणि थोड्याच वेळात बाहेर काढतात. १४५९ साली कोसिमोचा मुलगा प्येरो याच्या देखरेखीखाली बेनोत्सो गोत्सोली याने या देवघराच्या भिंती रंगविल्या. विषय असा : येशूचा जन्म झाला तेव्हा पूर्वेकडील तीन राजे ताऱ्याचा माग काढीत, नजराणे घेऊन बालकाच्या दर्शनास आले. त्या तीन राजांची मिरवणूक तीन भिंतींवरून डोंगरवाटांनी वळणे घेत चालली आहे. फ्लॉरेन्समध्ये अशी मिरवणूक रस्त्यातून प्रत्यक्षही निघे, तिच्या मंडळीचे आश्रयदाते मेदिचीच होते. तेव्हा चित्रकाराने पुराणातली कथा रंगविली आणि गावची यात्राही रंगविली.

आपल्या वाचकांना हे समजावयास मुळीच कठीण नाही. पालखी निघाली, पुढे अब्दागिरी, चवऱ्या, ताशे-नगारे, मागे महाजन आपापल्या मानाप्रमाणे. कोणाचा हात पालखीच्या दांडीला कोणत्या बाजूस लागावयाचा यावरून पिढ्यान् पिढ्या अबोला! बेनोत्सोच्या भिंतींवर नेमके हेच आहे. तरुण राजा पांढऱ्या घोड्यावर, अंगावर सोनेरी जरतार. त्याच्या मागोमाग प्येरो. त्याच्या शेजारी म्हातारा कोसिमो, आणि तो घोड्यावर नाही तर खेचरावर, म्हणजे नम्रतेचाही देखावा झाला. त्यांच्यामागे मिलान आणि रिमिनी येथील सत्ताधीश, घरची मुले, पेढीची माणसे, आणि दाटीत स्वतः चित्रकार. त्याच्या लाल टोपीवर सोनेरी अक्षरांत त्याचेच नाव. दुसऱ्या दोन राजांच्या चेहऱ्यांत, १४३९ मध्ये धर्मपरिषदेसाठी फ्लॉरेन्सला आलेले कॉन्स्टँटिनोपलचे बादशहा आणि धर्मगुरू पाहण्याची जुनी चाल आहे. उंट आहेत, माकड आहे, ससाणे आहेत, आणि शिकारी चित्तेही आहेत. ज्या कोल्हापुरात चित्त्यांकडून हरणांची शिकार करविण्याचा शौक विसाव्या शतकापर्यंत चालला, त्याच्या आसपासच्या माणसाला तो चित्ता पाहून ओळखीचे हसू येते.

कारागिरीविषयी बोलावयाचे तर शब्द अपुरे पडतील, म्हणून दोनच गोष्टी सांगतो. पहिली वाटेची. पांढरी वाट डोंगराला वेढे घालीत खाली येते, भिंतीच्या कोपऱ्याशी दिसेनाशी होते आणि दुसऱ्या भिंतीवर पुन्हा उगवते. त्यामुळे खोलीच्या मध्यभागी उभा असलेला माणूस मिरवणुकीच्या वेढ्यात सापडतो. दुसरी प्रकाशाची. मूळच्या देवघरात दिवसाचा उजेड फारच थोडा येई. सगळे काही मेणबत्त्यांच्या ज्योतीत पाहावयाचे होते. लगामांवर, झालरींवर, देवदूतांच्या प्रभावळींवर खऱ्या सोन्याचा वर्ख आहे, तो त्या हलत्या ज्योतीसाठी. आपल्या गाभाऱ्यात समईच्या उजेडात मूर्तीचा चांदीचा मुखवटा जसा क्षणोक्षणी निराळा दिसतो, तसेच हे असणार. आजच्या स्थिर विजेच्या दिव्यात ते सोने नुसते पिवळे दिसते. गाभाऱ्यात नळीचे पांढरे दिवे लावणाऱ्या आमच्या समित्यांनी याचा विचार करण्यासारखा आहे.

आता दोषांकडे वळतो. या चित्रात देवाला जागा फार कमी आहे. मिरवणूक ज्याच्या दर्शनास चालली तो बालक भिंतीवर नाहीच. तो वेदीवरील फळ्यावर होता. फिलिप्पो लिप्पीने रंगविलेला तो मूळ फळा आज बर्लिनच्या संग्रहालयात असून वेदीवर त्याची नक्कल आहे. म्हणजे यजमान, पाहुणे, घोडे, चित्ते सर्व जागच्या जागी आणि देव परगावी. हा दोष बेनोत्सोचा नव्हे, कालगतीचा आहे, असे कोणी म्हणेल. पण मूळ योजनेतही दर्शनाला निघालेल्या माणसांचे तोंड देवाकडे कितपत आहे? पुष्कळ चेहरे सरळ आपल्याकडे, पाहणाऱ्याकडे, पाहतात. जणू ‘आम्ही आलो होतो, नोंद घ्या’ असे सांगतात. एवढी दूरची वाट चालून आलेल्यांपैकी एकाच्याही अंगावर धुळीचा कण नाही. ज्या यात्रेत कोणी थकत नाही, ती यात्रा नव्हे, वरात होय. आपल्या देवळांतून पायरीपायरीवर, खांबाखांबावर, पंख्याच्या पात्यावरसुद्धा देणगीदारांची नावे घालण्याची जी रीत पडली आहे, तिची आठवण आम्हांला त्या सुंदर खोलीत झाली आणि ती काही केल्या जाईना. मेदिचींना निदान बेनोत्सो मिळाला होता. आमच्या नावांच्या पाट्यांना अक्षर काढणाराही धड मिळत नाही.

तरीही एक गोष्ट त्या यजमानाच्या पदरात टाकली पाहिजे. बेनोत्सोने प्येरोला लिहिलेली काही पत्रे उपलब्ध आहेत. १४५९ च्या जुलैतील एका पत्रावरून असे दिसते, की चित्रातील दोन देवदूत प्येरोला रुचले नव्हते. चित्रकाराने उत्तरादाखल कळविले, की ते जागेला शोभतात, फारसे दिसतही नाहीत, पण आपली आज्ञाच असेल तर दोन ढग काढून झाकून टाकतो. यात चित्रकाराची लाचारी पाहणारे पाहोत. आम्हांला त्यात दिसले ते असे, की पैसे देणारा माणूस भिंतीवर काय चालले आहे ते रोज डोळ्यांनी पाहत होता, एकेका आकृतीविषयी त्याला मत होते, आणि चित्रकारालाही आपले म्हणणे मांडता येत होते. आपल्याकडे जीर्णोद्धार समितीच्या सभेत फरशीचा दर चर्चिला जातो; आकृतीवर वाद झाल्याचे आम्ही अद्याप ऐकिले नाही.

आणि फ्लॉरेन्सकर फार मोठे रक्षक होते, असाही कोणी समज करून घेऊ नये. १६८९ च्या सुमारास रिक्कार्दींना मोठा जिना हवा झाला. त्यासाठी या देवघराची भिंत कापण्यात आली. म्हाताऱ्या राजाचा घोडा दोन तुकड्यांत विभागून पुढे आलेल्या कोपऱ्याच्या दोन अंगांवर बसविला आहे. त्याच मालकांनी १६८२ ते १६८५ या काळात आरशांच्या लांबोळ्या दिवाणखान्याचे छत लुका जोर्दानोकडून रंगवून घेतले. त्यात मेदिची घराणे सदेह स्वर्गाला पोचले आहे. छत मोठे आहे, हात सराईत आहे, आणि पाहून झाल्यावर मनात काही उरत नाही. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीच्या छताला लटकलेले दगडी कमळ ज्याने मान वर करून एकदा पाहिले आहे, त्याला या स्वर्गाची फारशी मातब्बरी वाटणार नाही.

आता चौकातील त्या नक्षीकडे परत जाऊ. तिला इटालियन भाषेत ‘स्ग्राफितो’ म्हणतात, अर्थ, ओरखडलेले. वासारीने आपल्या ग्रंथाच्या आरंभी तिची कृती दिली आहे. चुन्याच्या गिलाव्यात जाळलेला पेंढा घालून तो राखी काळा करावयाचा, त्यावर पांढऱ्या चुन्याचा हात फिरवावयाचा आणि तो ओला आहे तोवर लोखंडी टोकाने रेघ ओढावयाची. पांढरे निघते, खालचे काळे दिसते, चित्र होते. फ्लॉरेन्समध्ये अशा नक्षीने मढविलेले वाडे रस्त्यारस्त्यांत आहेत. रंग उन्हापावसाने उडतो, हे मात्र टिकते. कारण येथे चित्र वरून चढविलेले नसून भिंतच चित्र झालेली असते.

हे वाचताच ज्यांचे कुलदैवत घाटाखाली आहे अशा वाचकांच्या ध्यानात आले असेल, की ही तर आपली कावी! सिंधुदुर्गापासून गोव्यावरून थेट दक्षिण कानड्यापर्यंतच्या किनारपट्टीवर देवळांच्या, दीपस्तंभांच्या, तुळशीवृंदावनांच्या भिंतींवर पांढऱ्यावर तांबडी जी नक्षी दिसते, तिचे शास्त्र तंतोतंत हेच, फक्त उलट्या क्रमाचे. चुना आणि रेती गुळाच्या पाण्यात मुरवून कुटावयाची, तिचा पांढरा गिलावा द्यावयाचा, त्यावर हुरमुंजाचा तांबडा थर, आणि तो ओला असताना काट्याने आकृती कोरून नको तो तांबडा भाग खरवडून काढावयाचा. खालचे पांढरे वर येते. एका दिवसात जेवढे कोरून होईल तेवढाच तांबडा थर लावावयाचा, उद्याचे उद्या. बेनोत्सोलाही ओल्या गिलाव्यावर काम करताना हाच नियम पाळावा लागला. बेनोत्सोचा निळा रंग अफगाणिस्तानच्या खाणीतील दगडाचा, आणि आपल्या हुरमुंजाच्या नावातच होर्मुझ बंदर आहे. हा हुन्नर कोणी कोणापासून घेतला, हा वाद आम्ही येथे घालीत नाही. चुना जेथे आहे, गवंड्याच्या हाती थापी आहे आणि मनात वेल आहे, तेथे ही युक्ती सुचू शकते.

तुलना करावयाची तर आम्ही निःसंकोचपणे म्हणू, की रेषेच्या जिवंतपणात आपली कावी मेदिचींच्या चौकातील नक्षीला हार जाणारी नाही. तेथील माळा नेटक्या आहेत. एक आखला, की बाकीचे त्यावरून. कावीतील मोर मात्र एकासारखा दुसरा नाही. दोन रंगांपलीकडे काही हाताशी नसल्यामुळे कारागिराला मोकळ्या जागेचा हिशेब ठेवावा लागतो. तांबडे किती ठेवावयाचे आणि पांढरे किती मोकळे सोडावयाचे यावर सगळा तोल. देवघरातील बेनोत्सोला नेमके हेच साधलेले नाही. त्याने एक बोटभर जागा रिकामी सोडलेली नाही. दशावतार, रामायणातील प्रसंग, गंडभेरुंड, कलश, भूमितीची चक्रे असा कावीचा विषयसंभार आहे, आणि त्यात देणगीदार कोठेही घोड्यावर बसलेला नाही. पेडण्याच्या बाजूस मोरजी येथील मोरजाईचे देऊळ ज्यांनी पाहिले असेल, त्यांना अधिक सांगण्याची गरज नाही. मनुष्याकृतीच्या बाबतीत मात्र कावी कमी पडते, हे मान्य केले पाहिजे. तिचे राम-लक्ष्मण ओळखू येतात ते धनुष्यावरून, चेहऱ्यावरून नव्हे. चेहऱ्यात मन दाखविणे बेनोत्सोकडे आहे.

होन्नावरचे शास्त्रज्ञ व लेखक डॉ. कृष्णानंद कामत (१९३४–२००२) यांनी गावोगाव हिंडून या कलेची छायाचित्रे घेतली, टिपणे केली आणि तिच्याकडे लोकांचे लक्ष वेधले. गोव्यातील चित्रकार सागर नाईक मुळे आज ती स्वतःच्या हाताने करीत आहेत. परंतु भिंती पडत आहेत त्या वेगाने माणसे उभी राहत नाहीत. आणि भिंती पडतात म्हणणेही बरोबर नव्हे. त्या पाडल्या जातात.

सीमाभागातील पुष्कळ घराण्यांची ज्याच्यावर श्रद्धा आहे अशा, घाटाखालच्या एका देवळाची गोष्ट सांगतो. नाव सांगण्याचे कारण नाही. सांगितले तर इतर देवळांना आपण सुटलो असे वाटेल. चोर्ला घाट उतरून आम्ही वर्षानुवर्षे तेथे जातो. त्याच्या बाहेरच्या तिन्ही भिंतींना कावीची पट्टी होती. वेली, हंस, मोर आणि दक्षिणेच्या अंगाला एक समुद्रमंथन. प्रथम ऑइलपेंट आला. पावसाळी मुलखात चुन्याची भिंत श्वास घेते. ओल आत जाते तशी बाहेरही पडते. तिच्यावर ऑइलपेंट चढविला, की बाहेर पडण्याची वाट बंद होते, ओल आतच कोंडते, मीठ फुगते आणि गिलावा सुटू लागतो. मग ‘भिंत जुनी होऊन पडू लागली’ असा ठराव होतो! तसा तो झाला, गिलावा सिमेंटने बदलण्यात आला, आणि त्यावर चकचकीत फरशा बसल्या. सभामंडपाची जमीन आता संगमरवरी आहे. तो संगमरवर ‘इटालियन’ आहे, असे आम्हांला तेथे मोठ्या अभिमानाने सांगण्यात आले.

ज्यांनी पदरमोड करून हे केले त्यांच्या भक्तीविषयी आम्हांला शंका नाही. देवाला उत्तम ते द्यावे, हीच भावना त्यामागे आहे. प्रश्न उत्तम कशास म्हणावयाचे हा आहे. इटलीत संगमरवराचे डोंगर आहेत. कारारा तेथून फार दूर नाही. असे असून मेदिचींच्या वाड्यात जगभरची माणसे रांग लावून पाहावयास येतात ती चुन्याची भिंत. कापलेल्या घोड्याचा सांधासुद्धा तेथे झाकलेला नाही. आम्ही त्यांच्याकडून दगड आणला आणि त्यांनी जे जपले ते आमच्याकडचे खरवडून उकिरड्यावर टाकले. हा व्यवहार कोणत्या पेढीवाल्याने फायद्याचा ठरविला असता?

कोणी म्हणेल, कावी करणारे गवंडी आता कोठे आहेत, मुरलेला चुना कोण कुटणार, आणि यात्रेच्या आधी काम पुरे कसे व्हावयाचे? अडचण खरी आहे. नवी कावी करणे अवघड, हे आम्ही मान्य करतो. पण असलेली न झाकणे यास गवंडी लागत नाही, चुनाही लागत नाही. ऑइलपेंटचे डबे परत पाठविणे एवढेच लागते. छपराची पागोळी भिंतीपासून दूर पडेल असे पन्हाळ लावले, पायाशी पाणी साचू दिले नाही आणि डागडुजीला सिमेंटऐवजी चुना वापरला, तर ज्या भिंतींनी आजवर इतके पावसाळे सोसले त्या आणखीही सोसतील. दक्षिणेच्या अंगाचे ते समुद्रमंथन गेले. परंतु त्याच देवळाच्या नगारखान्याच्या मागील बाजूस, जेथे फरशा आणण्यापूर्वीच निधी संपला, तेथे अडीच-तीन हात रुंदीची कावी अजून शाबूत आहे. दोन मोर, मध्ये कलश, खाली वेल. गेल्या कार्तिकात आम्ही ती पाहिली. तिला टेकून मांडवाच्या बांबूंचा ढीग रचला होता.

आपल्या कुलदेवतेच्या वा ग्रामदेवतेच्या देवळात अशी एखादी भिंत उरली असेल, तर वाचकांनी ती कोणत्या गावी, देवळाच्या कोणत्या अंगास, किती हात रुंद आणि तिच्यावर कोणत्या आकृती आहेत, एवढे संपादकांकडे कळवावे. सकाळच्या तिरप्या उन्हात घेतलेले छायाचित्र सोबत असल्यास अधिक बरे, कारण त्या उन्हात कोरलेली रेघ स्पष्ट उठते. मजकूर मराठीत असो वा कोंकणीत, चालेल.